डिसेंबरचा कौल

बारावीची परीक्षा अजून व्हावयाची आहे, शाळेचे अर्धे वर्ष उरले आहे, आणि तरीही पुढील वर्षी कोणत्या महाविद्यालयात जावयाचे हे डिसेंबरच्या मध्यावरच ठरून गेले, असे आपल्यापैकी कोणास सांगितले तर तो ते थट्टाच समजेल. आपल्याकडे आधी परीक्षा, मग निकाल, मग गुणपत्रिकेच्या प्रती घेऊन महाविद्यालयांच्या कचेऱ्यांतून खेटे, असा क्रम लागून गेला आहे. अमेरिकेत हा क्रम उलटा आहे. तेथील विद्यार्थी बारावीच्या वर्गात बसल्यावर दोन महिन्यांतच अर्ज पाठवितो, आणि ज्यास घाई असेल त्यास नाताळच्या सुट्टीपूर्वी उत्तरही मिळते. ह्या उत्तराची वाट सतरा वर्षांची मुले कशी पाहतात आणि ते आल्यावर कशी वागतात, हा विषय वरवर परक्या देशाचा वाटतो. परंतु आपल्या गोव्यातील किती तरी घरांतील नातवंडे आज त्या परीक्षेतून जात आहेत, आणि त्यांचे आजी-आजोबा येथे दूरध्वनीपाशी बसून राहतात. तेव्हा हा प्रकार आहे तरी काय, हे नीट समजावून घ्यावे म्हणून आम्ही हा लेख लिहावयास घेतला.

नमुन्यासाठी आम्ही व्हर्जिनिया विद्यापीठ निवडले आहे. हे खाजगी विद्यापीठ नव्हे. व्हर्जिनिया राज्याचे ते सार्वजनिक विद्यापीठ असून शार्लट्सव्हिल ह्या गावी १८१९ साली टॉमस जेफरसन ह्यांनी ते स्थापन केले. जेफरसन अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारे तेच. विद्यापीठाच्या इमारतींचे आराखडेही त्यांनी स्वतः काढले. मध्ये हिरवळीचे लांब मैदान, एका टोकास घुमटाची वास्तू, आणि दोन्ही अंगांस अध्यापकांची घरे व विद्यार्थ्यांच्या खोल्या, अशी ती रचना १९८७ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतली. त्या हिरवळीवरील खोल्यांत राहण्याचा मान शेवटच्या वर्षाच्या निवडक विद्यार्थ्यांस मिळतो. गंमत अशी की, ह्या मानाच्या खोल्यांत शेगडी आहे, पण न्हाणीघर नाही. हिवाळ्याच्या दिवसांत अंगावर पंचा टाकून बाहेरच्या ओवरीतून जावे लागते, आणि तरीही ती खोली मिळावी म्हणून चढाओढ असते. ह्या सुंदर इमारती गुलाम मजुरांच्या श्रमांनी उभ्या राहिल्या, हेही तेथेच सांगितले पाहिजे; त्या मजुरांचे स्मारक अलीकडे, २०२० साली, विद्यापीठाच्या आवारात उभे राहिले. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक आणि गुलामांचा मालक एकच माणूस असू शकतो, हा इतिहासाचा एक अवघड धडा आहे.

ज्ञानाचे हे दार सर्वांस उघडे होते असे नाही. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यास प्रथम प्रवेश मिळाला तो १९५० साली, तोही न्यायालयात दाद मागितल्यावर, आणि कायद्याच्या शाखेत. मुख्य महाविद्यालयात मुलींस मुलांच्या बरोबरीने प्रवेश १९७० पासून. आज दारापाशी गर्दी आहे ती निराळ्या प्रकारची. अलीकडच्या वर्षांत प्रथम वर्षासाठी पन्नास हजारांहून अधिक अर्ज येतात आणि वर्गात बसतात सुमारे चार हजार. त्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश व्हर्जिनियातील रहिवासी असतात. राज्याच्या करातून चालणाऱ्या विद्यापीठाने राज्यातील मुलांस आधी विचारावे, हे न्याय्यच आहे. बाहेरच्या राज्यातील मुलांस शिकवणीची फीही अडीच पटीहून अधिक पडते. स्थानिक आणि बाहेरचे हा वाद आपल्याकडेही आहेच. ज्यास जागा मिळत नाही तो आपल्या सोयीचा पक्ष घेतो, हेही दोन्हीकडे सारखेच.

आता अर्ज म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे गुणांची टक्केवारी लिहिली की बहुधा काम संपते. तेथे शाळेतील चार वर्षांचे गुण, कोणते विषय घेतले व ते किती कठीण होते, शिक्षकांची शिफारसपत्रे, शाळेतील सल्लागाराचे पत्र, वर्गाबाहेरील कामे, आणि विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेला निबंध, एवढे सारे एकत्र वाचले जाते. कोणी धाकट्या भावंडांस सांभाळून शिकतो, कोणी दुकानात नोकरी करतो, कोणी व्हायोलिन वाजवितो. हे सर्व त्या कागदांत येते. विद्यार्थ्याकडे समग्र दृष्टीने पाहावे, हा त्यामागील हेतू. हेतू चांगला आहे. परंतु त्याचा एक परिणाम असा होतो की, नकार आल्यास तो कशामुळे आला हे कोणीच सांगू शकत नाही. त्याचा विचार आम्ही पुढे करणार आहोत.

अर्जाची दारे तीन. पहिले दार वचनबद्ध अर्जाचे: विद्यार्थी एकाच विद्यापीठास लिहून देतो की, तुम्ही मला घेतले तर मी येणारच आणि इतर ठिकाणचे अर्ज मागे घेईन. त्या करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा सल्लागार अशा तिघांच्या सह्या असतात. दुसरे दार लवकरच्या पण बिनबंधनाच्या अर्जाचे. तिसरे दार नेहमीचे. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या अलीकडच्या वेळापत्रकाप्रमाणे पहिल्या दोन दारांची मुदत १ नोव्हेंबरला संपते. वचनबद्धांस उत्तर डिसेंबरच्या मध्यास मिळते आणि दुसऱ्या गटास फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. नेहमीच्या अर्जांचे उत्तर मार्चअखेर किंवा एप्रिलच्या आरंभी येते, आणि जावयाचे की नाही हे कळविण्याची सर्वमान्य तारीख १ मे.

विद्यापीठास ह्यात काय लाभ, असे कोणी विचारील. प्रवेश दिलेल्या शंभरांपैकी किती जण खरोखर येतील ह्याचा अंदाज बांधणे हे प्रवेशाधिकाऱ्यापुढील मोठे कोडे असते. लग्नाच्या पंगतीस निमंत्रणे पाठविणाऱ्या यजमानासारखी त्याची अवस्था होते. पाने किती मांडावी? ज्याने सही करून दिली तो येणारच, म्हणून त्या पानाची चिंता मिटते. विद्यार्थ्यास लाभ असा की, त्याची उत्सुकता विद्यापीठास दिसते. क्रिस्टोफर एव्हरी, अँड्र्यू फेअरबँक्स व रिचर्ड झेकहाउझर ह्या तिघा अभ्यासकांनी निवडक महाविद्यालयांच्या अर्जांचा तपास करून २००३ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. लवकर अर्ज केल्याने होणारा फायदा हा एसएटी ह्या प्रवेशपरीक्षेत, जिचे गुण त्या काळी सोळाशेपैकी असत, सुमारे शंभर गुण अधिक मिळविल्याइतका असतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. शंभर गुणांसाठी मुले दोन दोन वर्षे शिकवण्या लावतात!

मग सर्वांनीच पहिल्या दाराने का जाऊ नये? खरा प्रश्न येथे आहे. ज्या घरात पैशाची तंगी आहे त्या घरास चार ठिकाणची आर्थिक मदत ताडून पाहावी लागते. एक विद्यापीठ इतकी मदत देते, दुसरे तितकी. मग जेथे कमी कर्ज होईल तेथे मुलगा जातो. वचनबद्ध अर्ज करणारास अशी तुलना करता येत नाही. मदत अगदीच अपुरी पडली तर करारातून सुटका मागता येते हे खरे. परंतु तेवढे जाणण्यासाठीसुद्धा घरात किंवा शाळेत कोणी जाणकार असावा लागतो. ज्याच्या घरातून महाविद्यालयात जाणारा तोच पहिला, त्यास ऑक्टोबरात हे सारे सांगणार कोण? म्हणून हे दार नियमाने सर्वांस मोकळे आणि व्यवहारात थोड्यांचे, असे झाले.

व्हर्जिनिया विद्यापीठाने हे उघड मान्य केले, हे त्याच्या लौकिकास शोभण्यासारखे होते. २००६ च्या सप्टेंबरात हार्वर्डने आपला लवकरचा प्रवेश बंद करण्याचे जाहीर केले, पाठोपाठ प्रिन्स्टनने, आणि त्याच महिन्यात व्हर्जिनिया विद्यापीठाने. कमी उत्पन्नाच्या घरांतील मुले ह्या दाराने जवळजवळ येतच नाहीत, हे कारण त्याने स्पष्ट दिले. दोन वर्षे आधीच त्याने गरजू विद्यार्थ्यांस पूर्ण मदत देण्याची योजना सुरू केली होती. तिच्याशी हा निर्णय सुसंगत होता. परंतु इतर बहुतेक विद्यापीठांनी त्यांचे अनुकरण केले नाही. एकट्याने दुकान उशिरा उघडले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. २०१० च्या नोव्हेंबरात व्हर्जिनियाने बिनबंधनाचे लवकरचे दार पुन्हा उघडीत असल्याचे जाहीर केले. चारच महिन्यांच्या आत हार्वर्ड व प्रिन्स्टन ह्यांनीही लवकरचा प्रवेश परत आणला. आणि २०१९ साली व्हर्जिनियात वचनबद्ध अर्जही परतला. तेरा वर्षांत चक्र पूर्ण फिरले. २०२४ साली मात्र व्हर्जिनिया राज्याने एक कायदा करून सार्वजनिक विद्यापीठांत माजी विद्यार्थ्यांच्या व देणगीदारांच्या मुलांस प्राधान्य देण्यास बंदी केली. एका खिडकीतून वारा येतो तोवर दुसरी मिटते, असे हे चालले आहे.

आता त्या डिसेंबरच्या संध्याकाळकडे वळू.

पूर्वी उत्तर टपालाने येत असे. पाकीट जाड असेल तर आत नावनोंदणीचे कागद, म्हणजे होकार; पातळ असेल तर एका पानाचा दिलगिरीचा मजकूर. पोस्टमनच्या हाताकडे पाहूनच मुलाची छाती धडधडे. आज ठरलेल्या दिवशी संध्याकाळी सर्वांचे उत्तर एकाच वेळी संगणकावर उघडते. त्यामुळे एकाच शाळेतील वीस-पंचवीस मुलांचे भाग्य एकाच मिनिटास कळते, आणि रात्रीच्या जेवणापूर्वी सर्वांचे सर्वांस ठाऊक होते. काही मुले तो क्षण दूरध्वनीवर चित्रित करून जगापुढे ठेवतात: आई मागे उभी, बहीण खांद्यावर वाकलेली, आणि मग एकच आरोळी. ज्यांस नकार आला त्यांची चित्रे सहसा कोणी दाखवीत नाही. परिणामी पाहणारास वाटते की, जगात सर्वांस होकारच मिळतो आणि मीच काय तो मागे राहिलो.

होकार आलेल्यांचा आनंद आपण सहज कल्पू शकतो, म्हणून त्याविषयी फार लिहीत नाही. त्यांतही एक संकोच असतो. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या नावाचा सदरा घालून वर्गात यावे की येऊ नये? शेजारच्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीने तोच अर्ज केला होता. विचारी मुले तो सदरा काही दिवस कपाटातच ठेवतात. शिवाय होकार म्हणजे सुटका नव्हे. वर्षाअखेरचे गुण पाहिले जातात, आणि कोणी अभ्यास सोडून दिला तर दिलेला प्रवेश परतही घेता येतो. डिसेंबरात जिंकलेल्या मुलास जूनपर्यंत पुस्तक उघडे ठेवावेच लागते.

नकाराचे दुःख निराळे. आम्हांस ह्या पद्धतीत सर्वांत विचार करण्याजोगी वाटते ती ही गोष्ट. आपल्याकडे यादीत अमुक गुणांवर रेघ ओढलेली असते. दोन गुण कमी पडले, तर राग गणिताच्या पेपरावर काढता येतो, तपासनिसावर काढता येतो, तापावर काढता येतो. दोन गुण म्हणजे मी नव्हे, असे मनास समजाविता येते. तेथे रेघ नाही. मुलाने आपले गुण पाठविले, आपली हकीकत पाठविली, आजारी आजोबांविषयी लिहिलेला निबंध पाठविला, आणि उत्तर आले की, आम्ही दिलगीर आहोत. कारण दिले जात नाही. मग त्या कोवळ्या वयात वाटते की, त्यांनी माझे गुण नाकारले नाहीत, मलाच नाकारले. वस्तुतः वाचणाऱ्याने त्याची पारख केलेली नसते. हजारो योग्य मुलांतून काही निवडावयाची म्हणून निवडलेली असतात, आणि वर्ग भरण्याच्या हिशेबात त्याचा कागद अलीकडे किंवा पलीकडे पडलेला असतो. पण सतराव्या वर्षी हिशेब पटत नाही.

कारण न मिळाले की माणूस ते स्वतः बनवितो. राजधानी वॉशिंग्टनला लागून असलेल्या उत्तर व्हर्जिनियात अर्ज करणारांची गर्दी फार. आपल्या मराठी माणसांची वस्तीही तेथे आहे. तेथे दर हिवाळ्यात वदंता उठते की, प्रत्येक शाळेस जागा ठरवून दिल्या आहेत, म्हणून शेजाऱ्याने माझी जागा घेतली. असे शाळेगणिक वाटप नसल्याचे विद्यापीठाने अनेकदा सांगितले आहे. तरीही वदंता मरत नाही. कोणी म्हणतो, तो खेळाडू म्हणून गेला. कोणी म्हणतो, अमक्या वंशाचा म्हणून गेला. अर्जदाराचा वंश पाहून प्रवेश देण्याची पद्धत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या जूनमध्ये अवैध ठरविली; तथापि त्यानंतरही मनातील संशय गेला असे नाही. काल एकत्र अभ्यास करणारी मुले आज एकमेकांच्या यशाचे हिशेब मांडू लागतात, ही ह्या पद्धतीची खरी किंमत होय.

होकार व नकार ह्यांमध्ये एक तिसरे उत्तर आहे. त्याचा अर्थ असा: तूर्त आम्ही काहीच ठरविलेले नाही, तुमचा अर्ज नेहमीच्या अर्जांबरोबर पुन्हा वाचू. गोव्याच्या वाचकांस हे उत्तर समजावून सांगावयास नको. देवळात प्रसाद लावतात, मूर्तीवर पाकळ्या चिकटवितात; उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आणि कधी कधी तास उलटला तरी पाकळी हालतच नाही. घरची माणसे खांबाला टेकून बसतात, भटजी पुन्हा गाऱ्हाणे घालतात. पाकळी न पडणे हे नकाराहून जड जाते, हे ज्यांनी ती वाट पाहिली आहे त्यांस ठाऊक आहे. वचनबद्ध अर्जाचे ओझे मात्र तेव्हा उतरते. मुलगा इतरत्र जावयास मोकळा होतो. त्याने करावयाचे काम थोडेच असते: सहामाहीचे गुण पाठवावे, काही खरोखर नवे घडले असेल तर एक पत्र लिहावे. दहा पत्रे लिहू नयेत. ओळखीच्या मोठ्या माणसांकडून चिठ्ठ्या आणू नयेत. ही शेवटची सूचना आपल्याकडे अधिक उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते.

आमच्या परिचयाच्या फोंड्यातील एका आजींचा नातू तिकडे वाढलेला. त्याने अशाच एका सार्वजनिक विद्यापीठास लवकरचा अर्ज केला होता. ते कोणते, हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. तिकडे संध्याकाळचे पाच म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेतीन. आजी दिवा लावून बसल्या होत्या. दूरध्वनी आला. मुलाचे मराठी बेताचे, त्याने बापाला शब्द विचारून सांगितले, "आजी, निकाल राखून ठेवला." आजी घाबरल्या. आपल्याकडे निकाल राखून ठेवतात तो फी थकली म्हणून, नाही तर कॉपी केली म्हणून! "फी भरली नव्हती काय रे तुझ्या बापाने?" असे त्यांनी विचारले, आणि पलीकडे, त्या संध्याकाळी प्रथमच, घरातील सर्व माणसे हसली, असे पुढे त्यांच्या मुलाने आम्हांस सांगितले.

पालकांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. मूल त्या रात्री खोलीचे दार लावून घेते, आणि सकाळी बाहेर येते तेव्हा त्याच्यापेक्षा आईबापांचाच चेहरा उतरलेला असतो. काही घरांत तर मुलास आईबापांची समजूत घालावी लागते. मंडळाच्या कार्यक्रमात भेटणारे लोक तीळगुळाबरोबर हा एकच प्रश्न विचारतात, म्हणून संक्रांतीस न जाणारी घरे आहेत. प्रश्न विचारणारांच्या मनात वाईट नसते. पण मुलाच्या वतीने उत्तर द्यावयाचे ते मुलाने, की बापाने, हे आधी ठरलेले बरे.

ह्या सर्व धडपडीचे पुढे काय होते, ह्याचाही अभ्यास झालेला आहे. स्टेसी डेल व ॲलन क्रूगर ह्या अर्थशास्त्रज्ञांनी १९७६ साली महाविद्यालयात गेलेल्या विद्यार्थ्यांची पुढील मिळकत तपासून २००२ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. सारख्याच योग्यतेचे, सारख्याच ठिकाणी अर्ज केलेले विद्यार्थी घेतले, तर अधिक निवडक महाविद्यालयात गेलेल्यांची मिळकत सरासरीने विशेष अधिक आढळली नाही. अपवाद होता तो गरीब घरांतील मुलांचा. त्यांस अशा महाविद्यालयाचा खरोखर उपयोग झाला. म्हणजे ज्यांस ह्या दाराची सर्वांत अधिक गरज, त्यांसच पहिल्या दाराने जाणे सर्वांत अवघड! राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग व जॉन फ्रीडमन ह्यांनी २०२३ साली काढलेले निष्कर्ष थोडे निराळे आहेत: अत्यंत निवडक खाजगी विद्यापीठे व राज्यांची प्रमुख सार्वजनिक विद्यापीठे ह्यांत सरासरी मिळकतीचा फरक लहान, परंतु समाजाच्या अगदी वरच्या पायरीवर पोहोचण्याची शक्यता खाजगी विद्यापीठांत बरीच अधिक. दोन्ही अभ्यास खरे असू शकतात. वरच्या पायरीवर माणसे मावतात तरी किती?

नकार आलेल्यांपुढे रस्ता संपत नाही. व्हर्जिनियातच ब्लॅक्सबर्गचे तंत्रविद्यापीठ आहे, १६९३ साली स्थापन झालेले विल्यम अँड मेरी आहे, आणि दोन वर्षांची सामुदायिक महाविद्यालये आहेत. त्या महाविद्यालयांशी व्हर्जिनिया विद्यापीठाचा करारच आहे की, ठराविक गुण व ठराविक विषय पुरे करणारास तिसऱ्या वर्षात प्रवेश द्यावयाचा. हा रस्ता स्वस्त पडतो. त्याच्यासाठी कोणी आरोळी ठोकीत नाही, चित्रही काढीत नाही. उलट, आत गेलेला प्रत्येक जण टिकतोच असेही नाही. विख्यात लेखक एडगर ॲलन पो १८२६ साली ह्याच विद्यापीठात दाखल झाला आणि वर्ष संपता संपता पैशाअभावी व जुगाराच्या कर्जापायी त्यास ते सोडावे लागले. त्याची खोली आज काचेच्या दारामागे जतन केलेली आहे, आणि पाहुणे ती आवर्जून पाहतात.

फोंड्याच्या त्या नातवाची पाकळी एप्रिलमध्ये पडली, ती डावी. तोवर त्यास दुसऱ्या एका राज्यविद्यापीठाचे बोलावणे आले होते आणि १ मेच्या आत त्याने तेथे होकार कळविला. आजींनी ह्या खेपेस त्यास निकालाविषयी काही विचारले नाही. त्यांनी विचारले ते इतकेच: वसतिगृहाच्या खानावळीत भात मिळतो ना? मिळतो, पण मोकळा, असे त्याने सांगितले. तेव्हापासून ह्या घरातून तिकडे जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या सामानात उकड्या तांदळाची एक पिशवी असते.